तीन नंबर शेडचे कान

बटण दाबण्यापूर्वी तिची उजवी करंगळी साधारण अर्धा सेंटिमीटर वर जात असे. मग तर्जनी खाली येई. दोन्हींमध्ये एका सेकंदाचेही अंतर नसे. ही सवय सोनिकाला स्वतःला ठाऊक नव्हती. धम्मानंद मेश्राम यांना मात्र ती खुर्चीत बसल्यावर दुसऱ्याच मिनिटाला कळली होती.

कान तपासणारी गाडी दर मार्चमध्ये बुटीबोरीच्या त्या कापड गिरणीत येई. गाडीच्या आत एक बंद खोकेवजा खोली होती आणि तिला समोरून काच होती. आत बसणाऱ्याच्या कानांवर हेडफोन आणि हातात एक बटण. बाहेरची सोनिका यंत्रातून एकेक सूर सोडणार, सूर ऐकू आला की आतल्याने बटण दाबायचे, एवढीच परीक्षा. धम्मानंद यांना पहिले दोन जाड सूर ऐकू आले. त्यानंतर काहीच ऐकू आले नाही, म्हणून ते करंगळी पाहू लागले.

यात आपण लबाडी करतो आहोत असे त्यांना वाटले नाही. तीन नंबर शेडमध्ये ते सव्वीस वर्षे जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग लावून देणारे. त्या शेडमध्ये साठ माग एकाच वेळी चालत आणि कानाशी तोंड नेऊन ओरडले तरी ऐकू जात नसे. त्यामुळे तिथे तोंडाने आवाज काढायची पद्धतच नव्हती. ओठ, भुवया आणि बोटे यांवर सगळे भागे. कपाळाला बोट लावले की साहेब येऊन राहिले. अंगठा ओठांना लावला की चहा. चाळीस फुटांवरच्या माणसाच्या घरी काल कोणती भाजी झाली, हे शेडमध्ये सगळ्यांना पाहून कळत असे. नवा माणूस सहा महिन्यांत हे शिके, आणि आपण काही शिकलो हेही विसरून जाई. अशा ठिकाणी आयुष्य गेलेला माणूस करंगळी पाहतो तेव्हा तो त्याच्या हिशेबाने ऐकतच असतो.

दुसरे कारण फोल्डिंगचे होते. कानाच्या तपासणीत जो नापास होई, त्याला शेडमधून काढून फोल्डिंग खात्यात बसवत. तिथे आवाज नसे. दोन वर्षांपूर्वी तिथे गेलेला कवडू, त्यांचा जुना जोडीदार, चहाच्या सुट्टीत रोज बोलावणे करी.

"ये गा इकडे. पंखा हाये, खुर्ची हाये. दिवसभर कापड पाह्यचं आन् घड्या घालायच्या."

"तू बस. मी अजून म्हातारा नाही झालो."

"मी कुठी झालो होतो? मलेबी बसवलंच ना."

धम्मानंद खोलीतून बाहेर आले तेव्हा सोनिका कागदाकडे बघत होती. कागदावरून नजर उचलून तिने त्यांच्याकडे पाहिले आणि पुन्हा कागदाकडे पाहिले. "छान आहे, काका," एवढेच ती म्हणाली. तिच्या कपाळावर एक बारीक आठी होती, पण ती त्यांनी उन्हाच्या नावावर टाकली.

घरी भावना शिलाई मशीनवर होती. नवऱ्याला स्वयंपाकघरातून हाक मारणे तिने चार वर्षांपूर्वीच सोडले होते. काही सांगायचे असले की ती समोर येऊन उभी राही, आणि त्यांची पाठ असली तर ट्यूबलाइटचे बटण दोनदा खालीवर करी. याबद्दल नवरा-बायकोत कधी चर्चा झाली नव्हती.

"तपासणी झाली म्हणे आज," ती समोर येऊन म्हणाली.

"झाली. पास."

"पास? मांगल्या बुधवारी कुकरच्या सात शिट्या झाल्या आन् तुम्ही बाजूले बसून पेपर वाचून राहिले होते."

"मी वाचण्यात होतो."

"शेजारची इंदूबाई तिच्या घरी बातम्या लावतच नाही आता. म्हणते, तुमच्या घरच्या ऐकल्या का माह्या होऊन जातात." भावनाने हातातली कात्री खाली ठेवली. "मेडिकलच्या दवाखान्यात कान दाखवाले कधी जायचं ते सांगा."

"चौदा एप्रिल होऊन जाऊ दे."

"मांगच्या साली दसरा होऊ दे म्हणले. त्याच्या आंधी दीप्तीची परीक्षा. त्याच्या आंधी पाऊस. तुमच्या कानापायी कॅलेंडरं संपून राहिले आपले."

धम्मानंद यांनी पाठ फिरवली. ट्यूबलाइट दोनदा गेली आणि आली, पण त्यांनी वळून पाहिले नाही.

आठवड्याने त्यांना सुरक्षा अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये बोलावणे आले. हे अधिकारी, विहंग सर, पुण्याहून आले होते, वयाने सत्तावीस, आणि आवाजाचा विषय निघाला की त्यांना बसवत नसे. टेबलावर एक आलेख पसरलेला होता.

"काका, हे बघा. ऐकू कमी येतं तशी ही रेघ खाली उतरते. तुमची सरळ आहे. माझीसुद्धा इतकी सरळ नाही."

"यंत्र चांगलं असन," धम्मानंद म्हणाले.

"शेडमध्ये सत्त्याण्णव डेसिबल आवाज आहे. पंच्याऐंशीमध्ये माणसाने आठ तास काढले तर चालतं. पुढे दर तीन डेसिबलला तो वेळ अर्धा होतो. म्हणजे सत्त्याण्णवला किती?" विहंग सरांनी बोटांवर मोजून दाखवले. "अर्धा तास. तुमचा दिवसाचा कोटा पहिल्या चहाच्या आधीच संपतो. आणि तुम्ही सव्वीस वर्षं काढलीत. काका, तुम्ही करता तरी काय?"

खरे सांगायची ही पहिली संधी होती. धम्मानंद यांनी खिडकीतून फोल्डिंगच्या इमारतीकडे पाहिले. तिथे कवडू खुर्चीवर बसलेला दिसत होता.

"बोळे घालतो," ते म्हणाले.

"कंपनी देते ते? पिवळे, फोमचे?"

"तेच."

"रोज?"

"रोज. जेवतानीबी काढत नाही."

शेवटच्या वाक्याची काही गरज नव्हती. त्याच वाक्याने विहंग सरांचे डोळे चमकले.

चार दिवसांत गेटवर माणसाएवढे पोस्टर लागले. त्यावर कानांत पिवळे बोळे घातलेले धम्मानंद अंगठा वर करून उभे होते आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'आमचे कर्णमित्र'. अमोल नावाचा एक विणकर होता, तिशीतला, धम्मानंद यांनीच शिकवून तयार केलेला. त्याने पोस्टरचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. सगळ्यांमध्ये धम्मानंद यांची मुलगी दीप्ती होती, आणि दीप्तीच्या मागे तिची आई उभी होती.

त्या संध्याकाळी भावनाने शिलाई मशीनवरची टाचण्यांची उशी उचलली, एका बाजूची शिवण उसवली आणि उशी टेबलावर उपडी केली. आतून साठ-सत्तर पिवळे बोळे बाहेर पडले.

"हे वळखता का?" तिने विचारले. "दर महिन्याले पाकीट घरी आणून टाकता. चार वर्षांपासून टाचण्या टोचून राहिली मी ह्याहीले. मशीनच्या पायाखाली चार हायेत, ते अल्लग. कर्णमित्र म्हणे. कोणाच्या कर्णाचे मित्र हाय तुम्ही?"

"हळू बोल. इंदूबाई ऐकन."

"ऐकू दे. ह्या घरात ऐकणारं कोणी तं पायजे."

दुसऱ्या दिवसापासून धम्मानंद यांना बोळे खरोखरच घालावे लागले, कारण जो तो त्यांच्या कानांकडे पाही. त्यांना वाटले होते की काम करणे कठीण जाईल. मागाचा बिघाड जॉबर आवाजावरून ओळखतो, असे ते नव्या पोरांना आजवर सांगत आले होते. पहिल्या दिवशी बोळे घालून ते शेडमध्ये शिरले आणि नेहमीसारखे काम करू लागले. नेहमीसारखाच त्यांनी मागाच्या लोखंडाला तळहात लावून बिघाड ओळखला. दुपारी त्यांनी बोळे काढून पाहिले, मग पुन्हा घातले, मग पुन्हा काढले. फरक जवळजवळ नव्हता. हे त्यांनी कोणाला सांगितले नाही.

बाहेर आल्यावर अमोल झाडाखाली फोन हलवत उभा दिसला.

"काय झालं बे?"

"भाऊ, फोनचा आवाजच कमी झाला पाहा. पह्यल्या फोनचंबी असंच झालं होतं, दुसऱ्याचंबी. हा तं दिवाळीत घेतला."

"तीन फोन?"

"कंपन्याच चोर हायेत, भाऊ. आवाज टिकतच नाही." अमोलने फोन कानावर ठेवला, मग दुसऱ्या कानावर, मग तळहातावर आपटला. "तुमचं बरं हाये. बोळ्यानं काम भागते म्हणता, तं मीबी ते कानात घालून पाह्यले. पण लय वळवळते, म्हणून काढून फेकले. तुमच्यासारखे कान पह्यलेपासूनच पायजेत."

धम्मानंद फोनकडे पाहत राहिले. फोनची घंटी वाजत असावी, कारण पडद्यावर अमोलच्या बायकोचे नाव उमटले होते. अमोल फोन हलवतच होता.

दोन दिवसांनी महाव्यवस्थापक धर्मेंद्र साहेबांनी तर्काचे पुढचे पाऊल टाकले. तीन नंबर शेडसाठी डोक्यावरून कानांवर बसणारे जाड मफ येणार होते आणि बारा जुन्या मागांभोवती आवाज अडवणाऱ्या भिंती उभ्या राहणार होत्या. मागणीचा कागद सहीसाठी तयार होता. साहेबांनी तो बाजूला सारला.

"विहंग, मामला साधा आहे," ते म्हणाले. "एक आदमी सव्वीस साल बोळ्यावर काढतो आणि त्याचे कान लहान पोरासारखे राहतात. मग मफ कायले? भिंती कायले? सुरक्षा दिनाला कँटीनमध्ये सगळ्यांसमोर त्याची तपासणी करून दाखवा. लोकांना विश्वास बसेल. मग मी जाहीर करतो, बोळे काफी आहेत."

विहंग सरांनी विरोध करून पाहिला, पण विरोधाला आकडे लागतात, आणि त्यांच्याजवळचे सगळ्यात चांगले आकडे धम्मानंद यांचेच होते.

ही बातमी शेडमध्ये ओठांवरून पोचली, सहाव्या मागावरून विसाव्यावर आणि विसाव्यावरून धम्मानंद यांच्यापर्यंत. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. आता गोष्ट त्यांच्या एकट्याच्या कानांची राहिली नव्हती. समोर अमोल वाकून तुटलेला धागा जोडत होता आणि त्याच्या दोन्ही कानांवर सत्त्याण्णव डेसिबल आपटत होते.

तेवढ्यात विहंग सर शेडमध्ये आले. धम्मानंद सरळ त्यांच्यासमोर गेले आणि म्हणाले, "साहेब, मले ऐकू येत नाही. म्या खोटं सांगतलं."

विहंग सरांच्या कानांवर मफ होते आणि ओठ वाचायला ते पुण्यात शिकलेले नव्हते. त्यांनी हसून अंगठा वर केला, पोस्टरवर होता तसाच, आणि पुढे गेले. धम्मानंद जागच्या जागी उभे राहिले. एवढी वर्षे अडवून धरलेले वाक्य शेवटी निघाले होते, आणि सबंध गिरणीत ते ऐकू न येण्याची जी एकमेव जागा होती, तिथेच निघाले होते. पुन्हा बोलायचा धीर त्यांना झाला नाही.

सुरक्षा दिनाला कँटीन गच्च भरले. पुढच्या रांगेत साहेब लोक, मागे तीन नंबर शेडची त्रेचाळीस माणसे. सोनिका छोट्या मंचावर यंत्र मांडून सगळ्यांकडे तोंड करून बसली होती. धम्मानंद यांची खुर्ची मंचाखाली तिच्यासमोर होती, त्यामुळे लोकांना त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी बटण दाबले की यंत्रावर हिरवा दिवा लागणार होता.

"सर्वांनी शांत राहावं," विहंग सर म्हणाले. सगळे शांत झाले.

करंगळी वर गेली. हिरवा दिवा लागला. टाळ्या पडल्या. करंगळी पुन्हा वर गेली, पुन्हा दिवा, पुन्हा टाळ्या. दहा सूर झाले, बारा झाले. धर्मेंद्र साहेब शेजारच्याला म्हणाले, "देखो, एक भी नहीं चुकला." तेराव्या दिव्यानंतर सोनिकाने हात मांडीवर ठेवले. तिने धम्मानंद यांच्याकडे पाहिले आणि अजिबात आवाज न काढता फक्त ओठ हलवले.

'काका, हेडफोनची पिन मी सुरुवातीलाच काढून ठेवली आहे.'

"कधी काढली?" धम्मानंद मोठ्याने म्हणाले.

कँटीनमध्ये साहेब लोकांना फक्त हा प्रश्न ऐकू आला. पण त्याच्या क्षणभर आधी पाठीमागच्या रांगांमधून त्रेचाळीस माणसांनी एकदम श्वास आत ओढल्याचा आवाज आला होता. कोणी काहीच बोलले नव्हते आणि तीन नंबर शेडला सगळे समजले होते.

धर्मेंद्र साहेबांनी मागे पाहिले, पुढे पाहिले. "क्या हुआ? कोण बोललं?"

"कोणी नाही, सर," विहंग सर म्हणाले. "काका, काय कधी काढली?"

सोनिकाने टेबलाखालून हेडफोनची वायर वर उचलून दाखवली. तिच्या टोकाला पिन मोकळी लोंबत होती. ती शांतपणे बोलू लागली. तपासणीच्या पहिल्या दिवशी गाडीतल्या खोलीचा माइक सकाळपासून बंद होता, तरी तिची प्रत्येक सूचना आतल्या प्रत्येकाने पाळली होती. ते तिला संध्याकाळी कळले. मग तिने घरी बसून नोंदी पाहिल्या. सूर सुरू झाल्यावर माणसाला बटण दाबायला थोडा वेळ लागतो. इथे कितीतरी वेळा बटण आधी दाबले गेले होते आणि सूर नंतर सुरू झाला होता.

"कितीतरी म्हणजे?" धर्मेंद्र साहेबांनी विचारले.

"चव्वेचाळीसपैकी अडतीस जण, सर. मी कशानं कळवत होते ते मलाही सापडलं नाही. म्हणून आज आवाजच बंद ठेवून पाहिलं."

मागे खांदे हलू लागले. एका विणकराने दुसऱ्याकडे वळून ओठांनी विचारले, 'तूबी करंगळीच पाह्यली का?' दुसऱ्याने मान हलवली. तिसऱ्याने स्वतःच्या करंगळीकडे बोट दाखवले आणि कपाळाला हात लावला. आपण एकटेच बहिरे आहोत असे समजून प्रत्येकाने जे झाकून ठेवले होते, ते सबंध कँटीनभर आवाज न करता उघडे पडत चालले होते. शेडमधली माणसे एकमेकांकडे पाहून हसत होती. अमोल हसत नव्हता. तो हातातल्या फोनकडे पाहत होता.

"म्हणजे," धर्मेंद्र साहेब सावकाश म्हणाले, "ह्या शेडमध्ये ऐकू कोणाला येतं?"

"ते अजून कोणी मोजलेलं नाही, सर," सोनिका म्हणाली.

विहंग सरांचा चेहरा पडला होता. आपले पोस्टर आणि आपले आकडे वाचवण्यासाठी त्यांनी धम्मानंद यांच्यासमोर येऊन एक शेवटची वाट काढली. "काका, तुमची गोष्ट वेगळी असेल. तुम्ही तर रोज बोळे घालता. आज तुम्हाला नुसता भास झाला, असं झालं असेल ना?"

ही दुसरी संधी होती, आणि हो म्हटले असते तर सगळे जागच्या जागी बसले असते. मफची मागणी रद्द झाली असती आणि धम्मानंद आपल्या मागांजवळ राहिले असते. त्यांनी मागे वळून अमोलकडे पाहिले. भिंतीशी टेकून उभ्या असलेल्या कवडूकडे पाहिले. मग ते उठून उभे राहिले, कानांवरचे हेडफोन काढून त्यांनी खुर्चीवर ठेवले, आणि छातीतला मोठा श्वास सोडला. किती वर्षांनी तो पूर्ण सुटला हे त्यांनाही सांगता आले नसते. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यावा एवढ्या मोठ्याने ते बोलले. त्यांना तेवढाच आवाज माहीत होता. आतली पोळ्या लाटणारी बाई दाराशी येऊन उभी राहिली.

"नाही, साहेब. भास नाही. मले ऐकू येत नाही, चार वर्षं झाले. बोळे म्या पोस्टर लागेपर्यंत सव्वीस वर्षांत एक दिवस नाही घातले. ते मफ मागवा, सगळ्याहीले मागवा, आन् भिंतीबी घाला. मले फोल्डिंगमंदी टाकाचं असन तं टाका. पण उद्या मले सुट्टी पायजे. बायकोसंग मेडिकलमंदी कान दाखवाले जातो."